मराठवाड्यातल्या एकदिवसीय ब्लिट्झ स्पर्धांना फिडे रेटिंग असावं की नको?

गोदाकाठ (नांदेड)

मंडळी, सल्ला हवा आहे आणि माझं मतही मांडायचं आहे.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आमचं बुद्धिबळवाल्यांचं छोटं मंडळ एका दिवसाची ब्लिट्झ स्पर्धा घेणार आहे. हॉल ठरला, बक्षिसांना देणगीदारही मिळाले. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी: स्पर्धा फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना) रेटेड करायची, म्हणजे निकाल खेळाडूच्या अधिकृत रेटिंगच्या आकड्यात धरायचे, की नेहमीसारखी अनरेटेड? मंडळात सरळ दोन तट पडलेत.

नवीन पालकांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो ब्लिट्झ. इन्क्रिमेंट, म्हणजे चालीमागे मिळणारे जादा सेकंद, असतील तर ६० चालींचा हिशेब धरतात, म्हणजे तीन मिनिटं अधिक चालीमागे दोन सेकंद हा पाच मिनिटांचा डाव झाला. २०१२ पासून फिडेच्या रॅपिड (ब्लिट्झपेक्षा लांब, पण तासाच्या आतला डाव) आणि ब्लिट्झच्या याद्या वेगळ्या आहेत. ब्लिट्झमध्ये सपाटून हरलात तरी क्लासिकलचं, म्हणजे लांब डावांचं, रेटिंग जागचं हलत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उगाच घाबरतात.

माझं मत स्पष्ट आहे, रेटेड असावी. कारण सांगतो.

आपल्या भागातल्या अनरेटेड स्पर्धा मी बरीच वर्षं खेळतोय. एका स्पर्धेच्या माहितीपत्रकावर पाच मिनिटं अधिक तीन सेकंद असं छापलं होतं. पाहुणे यायचे होते म्हणून पहिली फेरी दीड तास उशिरा लागली. मग चौथ्या फेरीनंतर माइकवरून जाहीर झालं की आता सगळे तीन मिनिटं खेळा, इन्क्रिमेंट बंद. लांबून आलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले. विचारायचं कुणाला?

त्याच दिवशी शेजारच्या पटावर हिंगोलीकडचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा खेळत होता. त्याच्याकडे एक हत्ती जास्त होता आणि घड्याळात थोडे सेकंद उरले होते. समोरच्या मोठ्या माणसानं घाईत उंट फिरवला, बाही लागून मुलाचा हत्ती आणि एक प्यादं आडवं झालं, आणि त्यानं तसंच घड्याळ दाबलं. मुलगा बिचारा स्वतःच्या वेळेत पडलेला हत्ती उचलून घरात ठेवायला लागला. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं असतं, हे त्याला कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याची वेळ संपली. पंच म्हणून बसवलेले गृहस्थ आले, दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "जाऊ द्या, अर्धा-अर्धा घ्या." पोरगं काही बोललं नाही. पुढचे दोन्ही डाव मात्र त्यानं डोकं वर न करता घालवले.

रेटेड स्पर्धेत जाहीर केलेली वेळ बदलता येत नाही, पंचाकडे परवाना लागतो, निकाल फिडेकडे जातो आणि डाव तडजोडीनं वाटून देता येत नाही. आपल्या मुलांना शिस्तीत झालेला डाव बघायला मिळावा एवढंच मला हवं आहे. रेटिंगचा आकडा मला त्यानंतरचा वाटतो.

तुमचं मत लिहा. विरोधातलं असेल तर जरूर लिहा.

जुनं_प्यादं (परभणी)

गोदाकाठ, तुमची तळमळ कळते. त्या मुलाचं वाचून वाईटही वाटलं. पण माझा विरोध आहे आणि तो मनापासूनचा आहे.

परभणीत आम्ही वर्षानुवर्षं ब्लिट्झ खेळत आलो. निवृत्त गुरुजी, मोंढ्यातले आडते, एसटीतले कंडक्टर, कॉलेजची पोरं, सगळे एका सतरंजीवर. कुणाचं रेटिंग काय, हे कुणी कधी विचारलं नाही. रेटेड केलं की आधी खेळाडूची नोंदणी, मग फिडे आयडी, मग वाढलेली प्रवेश फी. सत्तरीतला माणूस एका दिवसाच्या खेळासाठी ऑनलाइन फॉर्म आणि ओटीपीच्या मागं लागेल का? तो घरीच बसेल. असे दहा लोक घरी बसले तर तुमच्या हॉलमध्ये फक्त क्लासची मुलं आणि त्यांचे पालक उरतील.

दुसरं म्हणजे २०२४ च्या मार्चपासून फिडेनं रेटिंगचा तळ, म्हणजे यादीत राहायला लागणारा किमान आकडा, १००० वरून १४०० वर नेला. आपल्याकडचा हौशी खेळाडू कसंबसं यादीत नाव लावणार आणि दोन स्पर्धा वाईट गेल्या की यादीतून बाहेर पडणार. त्यानं त्याला काय मिळालं? रेटिंग नसलेली एक तरी जागा राहू द्या.

लातूरची_आई

मी स्वतः खेळत नाही, माझी मुलगी खेळते. अकरावीला आहे आणि नीटची तयारी चालू आहे. लातूरला हे दिवस कसे असतात ते सांगायला नको. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट.

क्लासिकल रेटिंगची स्पर्धा म्हणजे चार-पाच दिवस, तेही बहुतेक पुण्याला किंवा मुंबईला. मुलगी एकटी पाठवता येत नाही, म्हणजे दोघींचं रेल्वेचं तिकीट, लॉज, जेवण आणि माझी रजा. दहावीपर्यंत आम्ही कसंतरी केलं, आता शक्य नाही. तिचं क्लासिकल रेटिंग आहे तिथंच थांबलंय.

एका दिवसाची रेटेड ब्लिट्झ नांदेडला झाली तर सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल. ती अजून खेळाडू आहे हे कुठंतरी अधिकृतपणे नोंदलं जाईल. बाकी कुणाला ही गोष्ट छोटी वाटेल, तिच्यासाठी नाही. माझं मत रेटेडला.

पंचाची_खुर्ची

मी परवानाधारक पंच आहे, म्हणून नियमांपुरतं लिहितो.

गोदाकाठ यांनी सांगितलेल्या डावात त्या मोठ्या खेळाडूनं पाडलेल्या सोंगट्या स्वतःच्या वेळेत उभ्या करायला हव्या होत्या. न करता घड्याळ दाबलं तर मुलानं घड्याळ थांबवायचं आणि हात वर करायचा. ब्लिट्झमध्ये अशा चुकीला साधारणपणे समोरच्याला एक मिनिट वाढवून मिळतं. त्या मुलाला एक मिनिट मिळालं असतं तर तो जिंकलाच असता असं म्हणत नाही, पण त्याच्या हक्काचं ते होतं.

नियमबाह्य चालीचंही तसंच आहे. पहिल्यांदा झाली तर प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी "राजा मारला, जिंकलो" चालतं. वजिराचा हट्ट तर नेहमीचा: प्यादं आठव्या घरात गेलं, जवळ दुसरा वजीर नाही, म्हणून मुलं हत्ती उलटा ठेवतात आणि वजीर म्हणून तिरकी चालवतात. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच असतो. वजीर सापडत नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. दोन्ही हातांनी किल्लेकोट (कॅसलिंग) करून घड्याळ दाबलं तर तीही नियमबाह्य चाल धरली जाते. हे सगळं मी पहिल्या फेरीआधी दहा मिनिटं उभं राहून मराठीत सांगतो, आणि त्या दिवशी वाद निम्म्यावर येतात.

पण रेटेड केलं की आपोआप शिस्त येते, हे मात्र मी मान्य करणार नाही. एकटा पंच तीस पटांवर लक्ष ठेवू शकत नाही. ब्लिट्झमध्ये शेवटचे वीस सेकंद सगळ्या पटांवर एकदमच येतात. पैसे वाचवायला एकच पंच आणून स्पर्धा रेटेड केलीत तर त्या मुलाच्या बाबतीत पुन्हा तेच होईल, फरक इतकाच की त्याचे गुण फिडेच्या यादीत कमी होतील. आधी पंच किती आणणार ते सांगा.

खडूफळा (छत्रपती संभाजीनगर)

मुलांना शिकवतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे.

ब्लिट्झमधून नॉर्म, म्हणजे मोठ्या किताबासाठी लागणारी कामगिरी, मिळत नाही. ग्रँडमास्टर, इंटरनॅशनल मास्टर या वाटा क्लासिकलमधूनच जातात. आपल्याकडे आधीच क्लासिकल स्पर्धा कमी. आयोजकाला एका दिवसात रेटेडचा शिक्का मिळायला लागला तर पाच दिवसांची स्पर्धा भरवायच्या भानगडीत कोण पडेल? मला भीती आहे ती याची.

आकड्यांचंही बघा. क्लासिकलमध्ये अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या मुलांचा के-फॅक्टर (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो. रॅपिड आणि ब्लिट्झमध्ये सगळ्यांना सरसकट २०. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर दहा गुण, २०० नं वरच्याला हरवलं तर पंधरा. वर्षात दोन-तीन ब्लिट्झ स्पर्धा खेळणारा मुलगा कितीही सुधारला तरी त्याचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागंच राहतं. अशी कमी रेटिंगची तगडी मुलं एकमेकांतच खेळत राहिली की सगळ्या भागाचंच रेटिंग खाली बसतं. मग हीच मुलं पुण्याला गेली की तळाच्या पटांवर सुरुवात करतात.

आणि पालकांचा स्वभाव मला माहीत आहे. आकडा दिसला की त्याच्या मागं लागतात. मूल विचार करायचं सोडून पटापट चाली टाकायला शिकतं.

सी_फोर_नांदेड

सर, पोरं आत्ताही तेच करायलेत की. रात्री अंथरुणात मोबाईलवर तीन-तीन मिनिटाचे डाव खेळायलेत, कुणाचा आईबाप बघायलाय? तिथं बोटानं सरकवायचं, इथं हातानं सोंगटी उचलून घड्याळ दाबायचं. लई फरक आहे. मी पहिल्यांदा खऱ्या घड्याळावर खेळलो तवा चाल केली आणि घड्याळ दाबायचंच इसरलो. समोरचा शांत बसून राहिला.

आणि ब्लिट्झ, रॅपिड येतच नसेल तर पुढं जायचं कसं? नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला तो कोनेरू हम्पीसोबतच्या रॅपिड टाय-ब्रेकमध्येच (बरोबरी फोडायचे डाव). विश्वचषकाचा टाय-ब्रेक सुटला नाही तर शेवटी ब्लिट्झवरच जातो. आम्हाला सराव कुठं मिळणार?

खडूफळा (छत्रपती संभाजीनगर)

सराव हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण दिव्याचं उदाहरण पूर्ण बघ बाळा. त्या फायनलमध्ये आधी क्लासिकलचे दोन्ही डाव तिनं हम्पीसारख्या खेळाडूशी बरोबरीत सोडवले, तेव्हा कुठं टाय-ब्रेक आला. तो पाया लांब डावांतूनच येतो.

गोदाकाठ (नांदेड)

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

पंचसाहेब, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. पंचांचं मानधन हा खर्चाचा पहिला आकडा धरायचा आणि बक्षिसं त्यातून उरतील तेवढीच ठेवायची, असं मी मंडळापुढं मांडणार आहे. ट्रॉफ्या आपण गरजेपेक्षा जास्त वाटतो. सात-आठ वयोगट, प्रत्येक गटात पाच-पाच ट्रॉफ्या, आणि पंच मात्र एक. हे उलटं व्हायला हवं.

खडूफळा सर, क्लासिकल स्पर्धा कमी होतील ही भीती मला खरी वाटत नाही, कारण आमच्याकडे त्या होतच नाहीत. इथं आज ब्लिट्झ किंवा काहीच नाही, एवढीच निवड आहे. एकदिवसीय रेटेड स्पर्धा नीट पार पडली तर पंच, घड्याळं, नोंदणी, निकाल पाठवणं हे सगळं आमचं आम्हाला जमायला लागेल. क्लासिकल स्पर्धा एकदम डोक्यावर घ्यायची कुणाची हिंमत नाही. के-फॅक्टरचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनं प्यादं काका, तुमच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार करतोय. त्यावर शेवटी लिहितो.

हिशेबी_माणूस (जालना)

एक गोष्ट कुणी बोललं नाही. रेटेड स्पर्धा घेतली म्हणून अनरेटेड मुलाला रेटिंग मिळत नसतं. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव व्हावे लागतात. समजा साठ जण आले आणि त्यात दहा जणांचंच रेटिंग आहे. नऊ फेऱ्यांच्या स्विस लीगमध्ये (साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात) मधल्या पटांवरच्या मुलाची रेटेड खेळाडूशी गाठ एकदा-दोनदा पडेल. दिवसाच्या शेवटी त्याच्या हाती काहीच नाही. पालक तुम्हालाच विचारतील, वाढीव फी कशाची घेतली?

यातून मार्ग आहे. ज्याला ब्लिट्झ रेटिंग नाही पण क्लासिकल आहे, त्याचं क्लासिकलच धरलं जातं. म्हणजे लातूरच्या ताईंची मुलगी किंवा संभाजीनगरची क्लासिकल खेळणारी मुलं आली तर रेटेड प्रतिस्पर्ध्यांची संख्या वाढते. शिवाय ते पाच डाव एकाच स्पर्धेत व्हावे लागत नाहीत, २६ महिन्यांच्या आतले डाव एकत्र धरतात. पण त्यासाठी एक नांदेडची स्पर्धा करून भागणार नाही. नांदेड, परभणी, लातूर, जालना अशा पाठोपाठ तीन-चार झाल्या तर त्या मुलाचा हिशेब पुरा होतो. नुसती एक करून पुढच्या वर्षापर्यंत थांबणार असाल तर फी घेऊ नका.

लातूरची_आई

हे मला माहीत नव्हतं. मुलीच्या क्लासिकल रेटिंगमुळे समोरच्या मुलांचा फायदा होतो, हे तिला सांगितलं तर ती नक्की येईल.

पंचाची_खुर्ची

हिशेबी माणूस यांचं म्हणणं नियमाला धरून आहे. त्यात एक भर घालतो, बक्षिसांच्या गटांबद्दल. "१६०० च्या खालील" असा गट ठेवलात तर कुठलं रेटिंग धरणार ते माहितीपत्रकावरच छापा. नाहीतर क्लासिकलला १८०० असलेला खेळाडू ब्लिट्झला १५५० दाखवून खालच्या गटातलं बक्षीस नेतो. क्लासिकल, रॅपिड, ब्लिट्झ या तिन्हींपैकी जे जास्त असेल ते धरायचं, असं लिहिलं की प्रश्न मिटतो. अनरेटेड गटालाही तेच लागू करा. फक्त ब्लिट्झला अनरेटेड असलेला माणूस अनरेटेडचं बक्षीस घेऊन गेला तर नव्या पोरांवर अन्याय आहे.

आणि वेळ तीन अधिक दोन ठेवा. इन्क्रिमेंट नसलं की शेवटी बुद्धिबळ राहत नाही, नुसती हातघाई होते. दोघांकडे एक-एक हत्ती, पटावर काही नाही, आणि तरी एकजण समोरच्याची वेळ संपायची वाट बघत हत्ती इकडून तिकडं फिरवतो. दोन सेकंद मिळत असतील तर त्याला बरोबरी मान्य करावी लागते. ६० चालींचा डाव झाला तरी दोघांची मिळून दहा मिनिटं. पेअरिंग (जोड्या) लावायला वेळ धरला तरी नऊ फेऱ्या दुपारपर्यंत आटोपतात.

जुनं_प्यादं (परभणी)

दुपारपर्यंत आटोपत असतील तर माझं एक ऐका. सकाळी तुमची रेटेड स्पर्धा घ्या. जेवणानंतर त्याच हॉलमध्ये, त्याच घड्याळांवर खुली अनरेटेड घ्या. नोंदणी नको, आयडी नको, नाव सांगितलं की पट. सकाळी खेळलेली मुलंही त्यात उतरू देत. त्यांना आमच्या गुरुजींबरोबर बसू द्या, गुरुजींच्या जुन्या चाली त्यांना पुस्तकात सापडणार नाहीत.

पण पंच दोन्हीकडे तेच पाहिजेत. नियम आम्हालाही कळू द्या. उलट्या हत्तीचं मला आज, या वयात, पहिल्यांदा कळलं.

सी_फोर_नांदेड

काका, मी दुपारच्यात खेळतो. तुमच्यासंगं एक डाव नक्की.

खडूफळा (छत्रपती संभाजीनगर)

ही मांडणी बरी आहे. एका अटीवर पाठिंबा देतो: मुलांना चाली लिहायची सवय मोडू देऊ नका. ब्लिट्झमध्ये नोंद करायचं बंधन नसतं, ते ठीक. पण स्पर्धेनंतर प्रत्येक मुलानं आपला एक डाव आठवून वहीत लिहावा आणि मला किंवा कुणाही प्रशिक्षकाला दाखवावा, असं जाहीर करा. आठवला तर त्यानं तो विचार करून खेळला होता. संभाजीनगरहून आठ-दहा क्लासिकल रेटेड मुलं मी घेऊन येतो, म्हणजे हिशेबी माणूस यांचं गणितही थोडं जमेल.

हिशेबी_माणूस (जालना)

जालन्याची स्पर्धा डिसेंबरात घ्यायला मी आमच्याकडच्या लोकांशी बोलतो. परभणी आणि लातूरनं मधल्या तारखा धराव्यात. एकाच रविवारी दोन ठेवू नका, आपल्याकडे खेळाडू तेवढे नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

काल रात्री मंडळाची बैठक झाली. हा अख्खा धागा वाचून दाखवला. ठरलंय ते असं:

सकाळी फिडे रेटेड ब्लिट्झ, तीन मिनिटं अधिक दोन सेकंद, नऊ फेऱ्या. मुख्य पंच परवानाधारक, आणि प्रत्येक दहा पटांमागे एक सहायक पंच. तेवढे पंच मिळाले नाहीत तर प्रवेश कमी करायचे, पंच कमी करायचे नाहीत. यावर बराच वाद झाला, पण मान्य झालं. गटाच्या बक्षिसांना तिन्हींपैकी जास्त असेल ते रेटिंग धरणार. पहिल्या फेरीआधी नियम मराठीत सांगणार, आणि पडलेल्या सोंगट्या, उलटा हत्ती आणि घड्याळ कधी थांबवायचं, या तीन गोष्टी प्रत्यक्ष पटावर करून दाखवणार. भाषण झालंच तर बक्षीस समारंभात होईल, सकाळी कुणाचीही वाट बघायची नाही.

दुपारी खुली अनरेटेड, नाममात्र फी, साठीच्या वरच्यांना तीही नाही. जुनं प्यादं काका, तुमच्या गुरुजींना आणायची जबाबदारी तुमची.

डाव आठवून लिहायची सरांची कल्पना सगळ्यांना आवडली. त्यासाठी कोऱ्या वह्यांचा खर्च एका दुकानदारानं उचललाय.

आता अडचण घड्याळांची. डिजिटल घड्याळं आमच्याकडे अजून पुरेशी नाहीत, आणि चावीच्या घड्याळावर इन्क्रिमेंट देता येत नाही. परभणी, हिंगोली, लातूर, कुठूनही कुणी एका दिवसासाठी देऊ शकत असेल तर इथंच लिहा. प्रत्येक घड्याळावर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावू, सेल नवीन आम्ही घालू, आणि त्याच संध्याकाळी परत देऊ.

जुनं_प्यादं (परभणी)

चार घड्याळं माझ्याकडची धरा. गुरुजींसोबत घेऊन येतो.